वसईच्या युद्धाचं जासईतलं कारण

धर्मराज गेले त्याच्या आदल्या दिवशी बापलेकीत नेहमीचंच भांडण झालं. मराठ्यांनी पोर्तुगिजांशी युद्ध का केलं?

दमयंती पनवेलच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. धर्मराज जासईचे, उमर मिठागरात गेलेली. शाळा सातवीपर्यंत, वाचन मात्र दांडगं. पनवेलचं इतिहास मंडळ वसईच्या मोहिमेवर पुस्तक काढत होतं, त्यात धर्मराजांना आपला लेख हवा होता. आलेले लेख तपासायचं काम दमयंतीकडे होतं.

"कुनी फिरंगी दरबारात पेशव्याला वाकडं बोलला म्हनून लढाई?" चहा बशीत ओतत ते म्हणाले. "पुन्याला राग आला असंल. पन खाडीतून वाट कोनी दावली? ज्याची जमीन गेली, देवळं मोडली, त्यानं. आपल्याच मानसांनी बोलावलं त्यांना, बाय. कारन हितं हाय, आपल्या बांधावर."

त्यांचा सगळा भार एका पोर्तुगीज चौकीवरच्या हल्ल्यावर होता. सकाळी साडेसातला मराठ्यांची माणसं होडीशिवाय, चिखल तुडवत खाडी पार झाली होती. ओहोटीची वेळ ठाऊक असल्याशिवाय हे होत नाही. मिठागरवाला ती बोटांवर काढतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, तिथून सहा तासांनी ओहोटी.

"पण बाबा, मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रात तारीख आहे. त्या दिवशी शुद्ध षष्ठी होती. तुमच्याच हिशोबानं भरती साडेचारला. साडेसातला छातीभर पाणी. चालत कोण जाणार?"

"मग तुजा पंचांग खोटा," ते हसले. "खाडी खोटं बोलत नाय."

दमयंतीने लेखाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं, 'पुरावा नाही', आणि मंडळाला तसंच कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघताना धर्मराज ओट्यावर चप्पल घालायला बसले, ते उठलेच नाहीत.

दिवसकार्य झालं. दमयंती फार रडली नाही, वाचत राहिली. महिन्याभराने पोर्तुगीज पत्रांच्या भाषांतरात तीच चौकी, तीच सकाळ तिला सापडली. तारीख मात्र अकरा दिवस पुढची. छपाईची चूक, असं आधी वाटलं. मग ती खुर्चीतून उठलीच. इंग्रज तेव्हा जुनं कॅलेंडर वापरत, अकरा दिवस मागे असलेलं. दर वर्षी हे ती मुलांना शिकवायची! आणि बापाला खोडताना तिने इंग्रजांची तारीख तशीच उचलून तिथी काढली होती.

षष्ठीपासून अकरा दिवस पुढे, म्हणजे वद्य द्वितीया. भरती दीडला, ओहोटी साडेसातला. तीही पुनवेनंतरची, खाडी तळापर्यंत उघडी पाडणारी.

पुढच्या सभेत तिने लेख पुन्हा मांडला. मंडळाचे अध्यक्ष शैलेश सर चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, हा तर तुम्हीच नाकारला होता. आता वडील गेले म्हणून..."

"म्हणून नाही, सर. खडू घ्या. स्वतः काढा."

सरांनी दोन्ही तारखा फळ्यावर लिहिल्या, पाऊणपट केली, पुन्हा केली. "बरोबर येतंय," ते हळू म्हणाले. "पण एका वाटाड्यावरून युद्धाचं कारण ठरतं?"

"दरबारातला अपमान होता, किल्ल्यांचं राजकारण होतं. त्यानं पुण्याहून फौज निघाली. पण पोर्तुगिजांच्या मुलखात राहून फौजेला वाट दाखवणारा माणूस घरादारावर पाणी सोडतो, सर. दुसऱ्याच्या अपमानासाठी कुणी ते करत नाही. त्याचं स्वतःचं काहीतरी गेलेलं असतं. युद्धाचं ते कारण पत्रांत सापडत नव्हतं. बाबांना ते पाण्यात सापडलं."

सरांनी खडू खाली ठेवला. "हा लेख पुस्तकात पहिला जाईल."

"मोठ्या अक्षरांत छापा!" मागून हौसाआत्या ओरडली. "माज्या भावाला सातवी पास म्हनून हसायचात ना तुमी?"

लोक हसले, मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. शैलेश सरही उभे राहून वाजवत होते. दमयंतीने माइक जवळ ओढला. वीस वर्षं या माणसाशी वाद घातला, आणि एवढं एक कधी तोंडातून निघालं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचं बरोबर होतं. चुकले मी."