दोन पागोट्यांचा कारभारी

धारेत मोरोपंत पागनिसांचा अपमान झाला तो चारचौघांत झाला, आणि म्हणूनच त्यांना तो जिव्हारी लागला. शाळेत कवायत शिकवता शिकवता त्यांनी पोरांना फुटबॉलचं वेड लावलं, स्वतःचा एक पाय कायमचा अधू करून घेतला, क्लब उभा केला. आणि क्लबाला ‘खेळांचे कारभारी’ नेमायची वेळ आली तेव्हा ती जागा गेली भैयासाहेबांकडे. भैयासाहेब एका बड्या सरदारांचे भाचे. त्यांनी आयुष्यात लाथ मारली असेल तर ती फक्त नोकरांना.

“पंत, तुम्ही त्यांच्या हाताखाली राहा की. काम तुमचंच, नाव तेवढं त्यांचं,” मंडळींनी साखर पेरली.

मोरोपंतांनी उपरणं झटकलं. “हाताखाली राहीन, पण ज्याला खेळ कळतो त्याच्या,” असं म्हणून ते लंगडत सभेतून बाहेर पडले. त्या दिवसापासून धारेत त्यांना कोणी बसा म्हणेना.

अशात देवासच्या क्लबाकडून बोलावणं आलं. त्यांनाही कारभारी हवा होता. मोरोपंत दोन दिवस घुटमळले, पण त्यांच्या पत्नीनं, सुमंगलाबाईंनी, भांडी बांधायलासुद्धा घेतली होती. “अहो, इथे तोंड पाडून बसण्यापेक्षा तिथे तोंड वर करून उपाशी राहू,” त्या म्हणाल्या. बाईंचं बोलणं असं रोखठोक असे. बैलांची दमणी जोडली आणि पागनिसांचं बिऱ्हाड इंदूरवरून देवासला आलं.

आता देवासची गोष्ट अशी, की गाव एक आणि राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या कडेला थोरलीचा अंमल, त्या कडेला धाकटीचा. शिपाई निराळे, कचेऱ्या निराळ्या, आणि नाकं तर त्याहून निराळी. फुटबॉलचा क्लब तेवढा दोघांत मिळून होता, पण चिटणीस त्यालाही दोन. थोरलीचे चिंतामणराव आणि धाकटीचे उमाशंकरपंत. खुद्द राजेमंडळींना या दोघांच्या चुरशीचा पत्ताही नसेल. मानापमानाची खरी हौस नेहमी त्यांच्या पदरच्या माणसांनाच असते.

नेमणुकीच्या दिवशी मोरोपंतांपुढे दोन तबकं आली. एकात थोरलीचं केशरी पागोटं, दुसऱ्यात धाकटीचं लाल. सगळी सभा श्वास रोखून बसली होती, कारण आधी कोणतं डोक्यावर चढतं यावर पुढच्या वर्षभराची भांडणं ठरायची. आधीचे कारभारी सकाळी एक घालत आणि संध्याकाळी दुसरं. तरी सकाळ कोणाची यावरून धुसफूस चालेच.

मोरोपंतांनी दोन्ही तबकांना हात जोडले. मग स्वतःची पगडी उतरवली, काखेत धरली आणि बोडक्या डोक्यानं खाली बसले.

सभेत कुजबूज झाली. भरल्या सभेत उघडं डोकं! उमाशंकरपंतांनी घाबरून विचारलं, “पंत, घरात काही सुतक वगैरे...?”

“सुतक नाही,” मोरोपंत म्हणाले. “पागोटी दोन आहेत आणि डोकं एक. दोन्हींचा मान ठेवायचा तर मला हेच जमतं.”

दोन्ही चिटणिसांनी एकमेकांकडे पाहिलं. माणूस वाकडा आहे हे त्यांनी तिथेच ओळखलं, पण सभेपुढे नेमणूक झालेली होती.

दुसऱ्या दिवशी टेकडीच्या पायथ्याच्या मैदानावर मोरोपंतांनी आपला संघ पाहिला. पोरं तालमीतली, दमदार. कॅप्टन जगदेवराव थोरलीच्या रिसाल्यातला घोडेस्वार, धिप्पाड गडी. डावीकडे मारुती, धाकटीच्या फरासखान्यात तंबू शिवणाऱ्याचा मुलगा, वाऱ्यासारखा पळणारा. असा संघ बाहेरच्या प्रत्येक संघाकडून हरतो कसा, हेच मोरोपंतांना उमगेना. मग खेळ सुरू झाला आणि उमगलं.

जगदेवराव चेंडू घेऊन उजवीकडून सुसाट निघाला. समोर कोणी नव्हतं. चेंडू जरासा डावीकडे, मैदानाच्या मध्याकडे घरंगळला, आणि हा पहाडासारखा गडी जागच्या जागी थांबला. चेंडू निघून गेला.

“अहो, थांबलात का?” मोरोपंत ओरडले.

“पुढे धाकटी पाती आहे, मास्तर,” जगदेवराव शांतपणे म्हणाला.

दोन राज्यांची शीव त्या मैदानाच्या मधोमध, एका गोलापासून दुसऱ्या गोलापर्यंत, उभी जात होती. थोरलीचे पाच जण उजवीकडे खेळत, धाकटीचे पाच डावीकडे. गोलरक्षक एक वर्ष यांचा, एक वर्ष त्यांचा. चेंडू शिवेपलीकडे गेला की तो त्यांचा विषय. पलीकडे पास देणं म्हणजे तर हातानं आपला मान देऊन टाकणं. आजवर कोणी दिला नव्हता.

“आणि समोरचा संघ? तो कुठूनही पळतो?”

“वो तो बाहर के लोग हैं, भिया,” मारुती म्हणाला. “उनको काय का बंधन?”

मोरोपंत आधी पोट धरून हसले. मग त्यांचं हसू मावळलं. ज्या मैदानावर परका मोकळा पळतो, त्यावर घरच्यानंच बिचकून उभं राहायचं, याचा त्यांना सणसणून राग आला. धारेत भैयासाहेबांची नेमणूक झाली तेव्हासुद्धा इतका आला नव्हता. त्यांनी चेंडू उचलला, शिवेवर ठेवला आणि आपल्या अधू पायानं ढकलत ढकलत तो थोरलीतून धाकटीत नेला, परत आणला, पुन्हा नेला.

“धरा मला! बोलवा शिपाई!” ते ओरडले. कोणी आलं नाही. “जगदेवराव, आजपासून तुम्ही डावीकडे. मारुती, तू उजवीकडे. आणि जो पास द्यायचं टाळेल त्यानं घरी बसावं.”

पहिला दिवस सगळे नुसते उभे राहिले. दुसऱ्या दिवशी जगदेवरावानं मान खाली घालून शीव ओलांडली. काही झालं नाही. आभाळ होतं तिथेच होतं. महिन्याभरात पोरं अशी मिसळली की कोण कुठल्या पातीचा हे नवख्याला सांगता आलं नसतं.

हे कानावर जाताच चिटणिसांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघांनी मोरोपंतांना बोलावून घेतलं. “दसऱ्यानंतर धारेचा संघ यायचा आहे. त्याच्या आत सगळे आपापल्या जागी गेले पाहिजेत. नाहीतर तुमची जागा गेली म्हणून समजा,” चिंतामणरावांनी बजावलं.

मोरोपंत घरी आले. धारेचे दोर कापलेले, इथलेही कापले जाणार. पुढे कुठे जायचं? त्यांनी सगळं बायकोला सांगून टाकलं.

सुमंगलाबाई भाकरी थापत होत्या. “धारेत मान तुकवली असती तर तिथेच राहिलो असतो,” त्या तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “इथवर येऊन तुकवायची होती, तर गाडीचा हिसका तरी कशाला सोसला?”

मोरोपंत दोन घास जास्तच जेवले.

सामन्याच्या दिवशी सगळं देवास मैदानावर लोटलं. थोरलीची माणसं उजवीकडे, धाकटीची डावीकडे. धारेचा संघ घेऊन भैयासाहेब आले होते, जरीच्या अंगरख्यात घामाघूम. रेफरी शिट्टी फुंकणार एवढ्यात चिंतामणराव आणि उमाशंकरपंत जोडीनं मैदानात आले. या दोघांना एकत्र चालताना गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

“मोरोपंत पागनीस बडतर्फ आहेत,” चिंतामणराव सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. “खेळाडूंनी आपापल्या पातीत उभं राहावं.”

मोरोपंतांना वाटलं, संपलं. जगदेवरावाची नोकरी थोरलीची, मारुतीच्या बापाची चूल धाकटीवर पेटायची. यांनी उलटून बोलावं असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? ते वळले आणि मैदानाबाहेर चालू लागले.

“मास्तर, थांबा,” मागून जगदेवरावाचा आवाज आला. त्यानं चिटणिसांना रीतसर मुजरा केला. “कॅप्टन मी आहे. कोणी कुठे उभं राहायचं ते ठरलेलं आहे.” आणि तो डावीकडे, धाकट्या पातीच्या जमिनीवर जाऊन पाय रोवून उभा राहिला. मारुती उजवीकडे गेला. मग एकेक करून सगळे गेले.

धारेनं पहिल्या सपाट्यात एक गोल चढवला. ते खेळत होते मोरोपंतांनीच शिकवलेला खेळ, त्यामुळे दर चालीला मोरोपंतांच्या छातीत अभिमान आणि धडकी एकदमच उठत होती. सामना सरत आला तेव्हा जगदेवरावानं डावीकडून चेंडू काढला, मान वर करून पाहिलं आणि शिवेपलीकडे मारुतीच्या पायात नेमका घातला. मारुतीनं तो जाळ्यात लाथाडला.

क्षणभर कोणालाच कळेना की ओरडायचं कोणी. पास थोरलीच्या गड्याचा, गोल धाकटीच्या. मग दोन्ही बाजूंनी एकदमच अशी आरोळी उठली की भैयासाहेबांची घोडी दावं तोडून पळाली.

सामना बरोबरीत सुटला. देवास पहिल्यांदाच हरलं नव्हतं. भैयासाहेब कपाळ पुसत मोरोपंतांकडे आले. “पंत, झालं गेलं विसरा. मला हे झेपत नाही. इथे तर तुम्हांला काढलंच आहे, धारेला चला आणि माझी जागा घ्या.”

हीच जागा मोरोपंतांना हवी होती. तोवर चिटणीसही गर्दीचा रंग बघून घाईघाईनं पोचले. “पंत, बडतर्फीचं आपण पुन्हा बोलू,” उमाशंकरपंत चाचरत म्हणाले. “शेवटी नेमलं तर आम्हीच आहे ना!”

मोरोपंत धुळीत बसलेल्या आपल्या पोरांकडे वळले.

“काय रे, मला कारभारी कोणी नेमलंय?”

“अपनने, मास्तर,” मारुती म्हणाला. “और किसने?”

“ऐकलंत?” मोरोपंत चिटणिसांना म्हणाले. “मला काढायचं तर हे काढतील. उद्या उजाडता सराव आहे. तुम्हांला यायचं असेल तर या, कडेला उभं राहायला मनाई नाही.”