नारायण पेठेतली न लागलेली आग

अनंतभट जोशांनी चैत्रात आप्पासाहेबांच्या सदरेवर बसून सांगून टाकलं, की वैशाखी अमावास्येच्या आत नारायण पेठेला आग लागेल आणि अर्धी पेठ जळेल. मंगळच तसा बसला होता. त्याला अनंतभट तरी काय करणार. "कोणती अर्धी?" असं दत्तोबाने तिथल्या तिथे विचारलं. दत्तोबा त्यांचा शेजारी. दोघांच्या घरांत भिंत एकच, त्यामुळे त्याला विचारणं भागच होतं.

आप्पासाहेब पेठेतली मोठी असामी. पाडव्याला पेठेचं पंचांग त्यांच्या सदरेवर वाचलं जाई, आणि ते वाचण्याचा मान अनंतभटांच्या घरात आजोबांपासून चालत आलेला. आप्पासाहेबांनी भविष्य मनावर घेतलं. शांती करवली, होम केला, होमाच्या ठिणगीनेच भविष्य खरं व्हायला नको म्हणून भोवती पाण्याच्या घागरी मांडल्या. लोकांनी छपरांवरचं गवत उतरवलं, दारोदार रांजण भरले, चिलीम ओढणाऱ्यांना नदीकाठी पिटाळलं. व्हायचा तो परिणाम झाला. वैशाख उतरणीला लागला तरी पेठेत कोणाची भाकरीसुद्धा करपली नाही.

मग लोक विचारू लागले. पुण्यात कोणी कोणाची चेष्टा करत नाही, नुसती चौकशी करतात.

"काय जोशीबुवा, निघाली का आग तिकडून?"

"वाटेत कुठे मुक्काम पडलाय म्हणे तिचा?"

"आमच्या हिला माहेरी जायचंय. आग येऊन गेल्यावर जा म्हटलं, पाहुण्याला घरात कोणी नको का?"

आप्पासाहेब असलं बोलत नसत. ते एवढंच म्हणाले, "अनंतभट, अमावास्येपर्यंत थांबू. नाहीच लागली, तर पुढचं पंचांग शुक्रवारातल्या माधवभटांना वाचायला सांगू. पेठेचा विश्वास राहिला पाहिजे ना."

माधवभट हे शुक्रवार पेठेतले तरुण जोशी. त्यांनी जन्मात एकही अनिष्ट फळ सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं कधी काही चुकलेलं नव्हतं. गिऱ्हाइकाचा हात हाती घेऊन ते म्हणत, "एकंदरीत बरं आहे," आणि एकंदरीत बरंच असे.

तेव्हापासून अनंतभटांची मोठी विचित्र अवस्था झाली. माणूस पापभीरू, मुंगीला वळसा घालून जाणारा. पण संध्येला बसले, डोळे मिटले, की मनात हळूच येई : फार मोठी नको, पण लागावी.

त्याच्या कितीतरी आधीपासून दर आदितवारी सकाळी ते नदी ओलांडून संगमावर जात. तिथे इंग्रजांच्या वकिलातीत हार्डी नावाचा एक तरुण साहेब होता, त्याला मराठी शिकायचं होतं. जाताना नदी आडवी येई ती धोतर सावरण्यापुरती, आणि येताना तीच नदी शुद्ध व्हायला उपयोगी पडे. पुण्याची रचना करणाऱ्याने पुष्कळ गोष्टींचा आधीच विचार करून ठेवलेला आहे.

साहेबाची शिकण्याची तऱ्हा निराळी होती. त्याच्या धर्मग्रंथात लांबलचक पुस्तकं होती तशी अगदी चिमुकलीही होती. त्यांतलं एकेक घेऊन तो आठवड्याला एका अध्यायाचं मराठी करी, सुट्या पानांवर उतरवी आणि आदितवारी वाचून दाखवी. अनंतभट भाषेचे हातपाय सरळ करून देत. एवढ्यावर सुटका असती तर ठीक होतं. पण शेवटी साहेब ते पान त्यांच्या हाती ठेवी आणि म्हणे, "हे सात दिवस मनात ठेवा. पुढच्या वेळी सांगा, हे तुम्हांला काय सांगतं."

पहिल्यांदा अनंतभटांनी सरळ विचारलं, "यावर टीका कोणाची आहे?"

"टीका नको. तुमचं मत हवं."

"माझं?" अनंतभटांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "साहेब, आमच्यात मत भाष्यकारांचं असतं. ते गेले की टीकाकारांचं. आम्ही पाठ करतो. माझ्यापर्यंत पाळी यायला अजून बरेच लोक मरायचे आहेत."

पण साहेब हट्टी होता. पहिलं पुस्तक एका विधवा सुनेचं. नवरा मेला तरी ती सासूला सोडत नाही, तिच्यामागून परमुलखात जाते. अनंतभटांनी आठवडाभर मनन केलं आणि काही निघेना, तेव्हा गोष्ट बायकोला सांगितली. मुक्ताबाई तांदूळ निवडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "सासूने लिहिली असेल."

पुढच्या आदितवारी अनंतभटांनी हे आपलं मत म्हणून सांगितलं. साहेबाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

मग योनाचं पुस्तक लागलं. चार अध्याय, म्हणजे चार आदितवार.

पहिल्या अध्यायात देव योनाला सांगतो, निनवे नावाच्या थोर शहरात जा आणि तुमचा नाश होणार म्हणून बजाव. योना उठतो आणि नेमका उलट्या दिशेच्या जहाजात चढतो. वादळ होतं, खलाशी त्याला समुद्रात टाकतात, मासा गिळतो.

"तुम्हांला काय वाटलं?" आठवड्याने साहेबाने विचारलं.

"माणूस अनुभवी आहे," अनंतभट म्हणाले. "अनिष्ट फळ समोर जाऊन कधी सांगू नये. चूक एकच, समुद्रावर जायला नको होतं. समुद्रगमन केलं की वादळ होणारच. त्याने घाटावर जायचं होतं."

दुसऱ्या अध्यायात योना माशाच्या पोटात बसून देवाचा धावा करतो. त्या आठवड्यात अनंतभटांना झोप नव्हती, पण कारण निराळं होतं. माशाच्या पोटात राहिलेल्या ब्राह्मणाला प्रायश्चित्त कोणतं, हे त्यांना कुठल्याच पोथीत सापडेना. मासा खाल्ल्याचं होतं. माशाने खाल्ल्याचं नव्हतं.

"पण देवाने त्याचं ऐकलं," साहेब म्हणाला. "ते मनात नाही राहिलं?"

"ते ऐकणारच. आत दुसरं कोण बोलत होतं?"

तिसऱ्या आदितवारी मात्र अनंतभटांचा पानावरचा हात थांबला. योना एकदाचा निनवेत जातो, ओरडून सांगतो की चाळीस दिवसांत शहर उलथणार. आणि शहर त्याचं ऐकतं. राजा राखेत बसतो, माणसं उपास करतात, गुराढोरांनाही उपास घडवतात. देवाला दया येते. शहर वाचतं.

"किती सुंदर, नाही?" साहेब म्हणाला.

"आणि जोशाचं काय झालं?"

"कोण जोशी?"

"हाच. योना. त्याला लोक काय म्हणाले?"

"लोकांचं लिहिलेलं नाही. शहर वाचलं, हे मोठं आहे."

"शहराचं ठीक आहे हो. शहराला काय, ते वाचतंच. त्याने चारचौघांत सांगितलेलं फळ खोटं पडलं, त्याचं विचारतोय मी. पुढच्या वर्षी पंचांग वाचायला त्यालाच बोलावलं का?"

साहेबाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतकं मनन त्याने आजवर कोणाच्या तोंडावर पाहिलेलं नव्हतं. "पुढच्या आदितवारी," तो म्हणाला.

पुढचा आदितवार म्हणजे अमावास्या. तो आठवडा अनंतभटांनी कसा काढला हे त्यांनाच ठाऊक. पेठेत चौकशा वाढल्या होत्या. दत्तोबाने तर, आता कसली येते, म्हणून गोठ्यावरचं उतरवलेलं गवत अमावास्येच्या सकाळी सर्वांदेखत परत चढवलं. अनंतभट ते पाहूनच संगमावर गेले, आणि बसण्याआधी म्हणाले, "वाचा."

चौथा अध्याय अगदीच लहान होता. शहर वाचल्यामुळे योना संतापतो. मला हे ठाऊकच होतं, म्हणून तर मी पळालो, यापेक्षा मरण बरं, असं देवाला सुनावतो. अनंतभटांची मान आपोआप हलू लागली. मग योना शहराबाहेर जाऊन बसतो, काय होतं ते पाहायला. देव त्याच्यावर वेलीची सावली धरतो आणि दुसऱ्या दिवशी तिला कीड लावतो. वेल गेली म्हणून योना हळहळतो, तेव्हा देव विचारतो, की तुला एका वेलीची एवढी दया, मग ज्यांना उजवंडावं कळत नाही अशी हजारो माणसं जिथे राहतात, शिवाय पुष्कळ गुरं आहेत, त्या शहराची मला येऊ नये का?

साहेब थांबला.

"पुढे?"

"पुढे नाही. संपलं."

"योना काय म्हणाला?"

"लिहिलेलं नाही."

"पान गहाळ आहे," अनंतभट म्हणाले. "आमच्याकडे पण होतं असं. वाळवी लागते. प्रश्न विचारून कोणी पोथी संपवतं का? दुसरी प्रत मागवा."

"सगळ्या प्रतींत इथेच संपतं."

"म्हणजे मूळ प्रतच खाल्लेली आहे."

साहेबाने नेहमीसारखं पान पुढे केलं. अनंतभटांनी ते घेतलं नाही. उठले आणि निघाले.

भर दुपार होती. नदी ओलांडून घरी जायचं, तर वाटेत किमान चार चौकशा. अनंतभट अलीकडच्या तीरावर एका बाभळीखाली बसले. समोर नारायण पेठ जेवून झोपली होती. इथे बसावं, ऊन उतरलं की जावं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की आपण शहराबाहेर झाडाखाली बसून काय होतं ते पाहतो आहोत. ते चटकन उठले आणि दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसले.

धूर दिसला तो तिथूनच. आधी बोटाएवढा, मग मनगटाएवढा. दत्तोबाच्या गोठ्यातून.

अनंतभटांना पहिल्यांदा काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. त्यांना आनंद झाला. इतका निर्मळ आनंद त्यांना मुंजीनंतर झाला नसेल. मंगळ खोटा नव्हता. वारा पश्चिमेचा होता, म्हणजे दत्तोबाच्या गोठ्यावरून घराकडे, घरावरून पुढच्या आळीत. अर्धी पेठ, तंतोतंत. आता फक्त बसून राहायचं होतं, आणि बसण्यात तर कसलंच पाप नाही.

ते बसले. पण मनात तो मेला प्रश्न घुटमळू लागला. उजवंडावं न कळणारी माणसं. नारायण पेठेत असा माणूस शोधून सापडला नसता. तिथे ज्याला त्याला स्वतःचंच काय, दुसऱ्याचंही उजवंडावं पाठ होतं. म्हणजे देवाचा तो मुद्दा इथे लागू नव्हता. पहिला भाग खोडला, अनंतभटांनी स्वतःशी म्हटलं. राहिला दुसरा. गुरं. दत्तोबाची गाय गोठ्यात बांधलेली होती.

याला काही खंडन सुचेपर्यंत ते नदीच्या मध्यावर पोहोचले होते.

"आग," ते पहिल्या आळीत शिरून ओरडले. "उठा, आग लागली."

एका ओटीवरून आवाज आला, "जोशीबुवा, अमावास्या आहे अजून सूर्यास्तापर्यंत. इतकी घाई कशाला?"

"अहो, खरंच लागलीय."

"लागायलाच हवी. शेवटचाच दिवस ना तुमचा." आणि कूस बदलल्याचा आवाज.

अनंतभट धावत गोठ्याशी आले. छपराच्या गवताने एका कोपऱ्यात चांगलाच पेट घेतला होता. त्यांनी गाय सोडली, तिला ढकलून बाहेर काढलं आणि दारातल्या रांजणाकडे वळले, तो मुक्ताबाई घागर घेऊन आल्याच होत्या.

"अहो, ही तुमचीच ना?" त्यांनी आगीकडे पाहत विचारलं.

"हो. ओत पाणी."

दोघांनी पाणी मारलं. अनंतभटांनी पेटतं गवत हाताने ओढून खाली पाडलं, तळवे भाजून घेतले. पेठ डोळे चोळत जमली तेव्हा पाहायला ओली राख होती, छपराची एक काळी पडलेली वळी होती आणि चिखलात उभे असलेले जोशीबुवा होते.

दुसऱ्या दिवशी सदरेवर निवाड्याची बैठक बसली. ही आग धरायची की नाही?

"अर्धी पेठ म्हणाले होते," एक जण म्हणाला. "ही अर्धा गोठासुद्धा नाही."

"आणि पहिल्यांदा दिसली कोणाला?" दत्तोबा म्हणाला. "यांना. नदीपलीकडून. विझवली कोणी? यांनीच. मी कोणाचं नाव घेत नाही, पण लावणाऱ्याइतकं ठिकाण दुसऱ्या कोणाला ठाऊक असतं?"

गोठ्यातल्या राखेत मुक्ताबाईंना दत्तोबाची चिलीम सापडली होती. ती त्यांनी सकाळी धुऊन, पुसून त्याच्या ओटीवर ठेवली होती. दत्तोबाने ती उचलली होती, आणि त्याविषयी आता काही बोलावं असं त्याला वाटत नव्हतं.

आप्पासाहेबांनी विचारलं, "अनंतभट, मला एकच कळत नाही. तुम्ही घटकाभर गप्प बसला असतात तर तुमचा शब्द खरा ठरत होता. मग ओरडलात का?"

सगळी सदर त्यांच्याकडे पाहू लागली. अनंतभटांनी मनाशी भाष्यकार चाळले, टीकाकार चाळले. कोणीच काही म्हणून ठेवलेलं नव्हतं.

"गाय बांधलेली होती," ते म्हणाले.

"बरं, मग?"

"मग काही नाही. बांधलेली होती."

"भाकड आहे ती," दत्तोबा म्हणाला.

पाडव्याचं पंचांग माधवभटांकडे गेलं. फारशी चर्चा झाली नाही. अनंतभट घरी आले, हातांना तूप लावून ओटीवर बसले. आजोबांपासूनचा मान आपल्या हयातीत गेला, याचं वाईट वाटायला त्यांनी नुकतीच सुरुवात केली होती, तेवढ्यात दत्तोबा आला आणि पायरीवर उभा राहिला.

"गोठा परत बांधायचाय," तो म्हणाला. "मुहूर्त काढून द्या."

"माझ्याकडून?"

"मग कोणाकडून? माधवभटांकडे गेलो होतो आत्ता. म्हणतात, एकंदरीत सगळेच दिवस बरे आहेत. असल्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा?"

अनंतभटांनी भाजलेल्या हातांनी पंचांग उघडलं. अंगठा जपून बोटांच्या कांड्यांवर टेकवत मनात आकडेमोड केली. मग पंचांग मिटलं.

"गुरुवारी बांध."

"बरं," दत्तोबा म्हणाला. "आणि दुसरं काही वाईट दिसलं असेल तर ते सांगू नका. पुरे झालं आता."

"नाही सांगत."

दत्तोबा दोन पावलं गेला, परत आला.

"म्हणजे दिसलंय," तो म्हणाला, आणि पायरीवर बसला.