मिळाले, समजले नाही

आमच्या ‘सोमवारची बाग’ या ईमेल पत्राला एकच नियमित वाचक होता, आणि त्याला ते समजत नव्हतं.

पत्र सोमनाथदादांचं. दादा मूळ दिंडोरीचे, द्राक्षं विकत घेऊन परदेशी पाठवणारे. नाशिकला दिंडोरी रोडवर त्यांचं ऑफिस आहे. त्यात एक कोपरा सायलीचा, आणि त्या कोपऱ्याचा कोपरा माझा. दादांना कुठल्याशा हॉटेलातल्या सेमिनारमध्ये कुणीतरी सांगितलं होतं, की हल्ली जाहिरात करायची नसते. लोकांना उपयोगाचा मजकूर फुकट द्यायचा असतो, मग ते आपणहून येतात. यातलं ‘आपणहून’ दादांना फार आवडलं. ‘फुकट’च्या वेळी ते बहुधा जेवणाच्या रांगेत असावेत.

सायली शेतकी कॉलेजची पदवीधर. या आठवड्यात बागेत काय करायचं ते ती लिहायची. त्याला मथळा लावणं आणि वाचक वाढवणं हे माझं काम. माझं नाव अश्विन, पद ‘कंटेंट हेड’. हाताखाली कुणीच नव्हतं, त्यामुळे शिस्त उत्तम होती.

पहिल्या पत्रात सायलीनं लिहिलं, “सद्यःस्थितीतील ढगाळ हवामान व वाढती आर्द्रता पाहता केवडा रोगाच्या प्रादुर्भावाची शक्यता नाकारता येत नाही.” मी वर मथळा चढवला, “तुमच्या बागेत लपलेला हा शत्रू पाहून तुम्ही थक्क व्हाल!”

एकच उत्तर आलं. निफाडच्या पुढे गोदावरीकाठी एक गाव आहे, तिथल्या सहादूआबांचं. “मिळाले. समजले नाही. शत्रू चुलतभाऊ आहे. रोज पाहतो.”

“कोण हा माणूस?” मी म्हणालो. “काढून टाक यादीतून.”

“उत्तर देणारा तोच एक आहे,” सायली म्हणाली. “त्याला काढलं तर आपण एकमेकांनाच पत्र पाठवायचं का?”

तिनं मजकूर पुन्हा लिहिला आणि फक्त आबांना पाठवला. “मिळाले. निम्मे समजले.” तिनं परत लिहिला, या वेळी केवड्याला शेतकऱ्यांच्या तोंडचं ‘डावनी’ हे नाव घालून. “ढगाळ आहे. पानं उलटी करून बघा. खाली पांढरं दिसलं तर डावनी. आज फवारा, उद्या नको.” यावर उत्तर आलं, “समजले. फवारतो.”

त्या दिवशी सायलीनं मला पेढा म्हणून क्रीमरोल दिला. टपरीवर पेढा नव्हता.

पुढे ती रीतच पडली. रविवारी संध्याकाळी पत्र आधी आबांकडे जायचं. आबांना समजेपर्यंत सायली वाक्यं तोडायची, आणि सोमवारी ते बाकीच्यांना जायचं. आबा तिला कधी शाबास म्हणाले नाहीत, फोनही केला नाही. पण त्या एका माणसासाठी लिहिता लिहिता सायलीचं लिखाण इतकं सरळ झालं, की मी ते वाचून एकदा घरच्या कुंडीतल्या वेलीची पानं उलटी करून बघितली. मनीप्लँट होता. डावनी नव्हती.

वाचक मात्र वाढेनात. मी ‘द्राक्षयशाची सप्तपदी’ नावाची पुस्तिका फुकट ठेवली. ती एका माणसानं उतरवून घेतली. ते मुद्रितशोधक होते, चुका कळवायला.

एक दिवस दादांनी आम्हाला बोलावलं.

“वाचतंय कोण हे?”

“सहादूआबा,” सायली म्हणाली.

“अगं, ते मला आधीपासूनच माल देतात! त्यांना काय पटवायचंय?” दादा वाईट माणूस नव्हते. उलट समोरच्याला वाईट वाटणार असेल तर ते आधी चहा मागवायचे. चहा आला तेव्हाच आम्ही ओळखलं. “हे बघ, या महिन्यानंतर पत्र बंद करू. त्याऐवजी चौफुलीवर फ्लेक्स लावू. फ्लेक्स दिसतो तरी. तू पॅकहाऊसला जा, खोक्यांवरच्या स्टिकरचं काम बघ.”

सायली “बरं दादा” म्हणाली. स्टिकरवर वाण असतो, वजन असतं, गाव असतं. त्या कामात क्रियापद नसतं. तिला आयुष्यात एक गोष्ट खरोखर चांगली करता येत होती आणि ते तिला नुकतंच कळलं होतं. बाहेर येऊन ती खुर्चीवर बसली आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी बाटलीतलं सगळं पाणी पिऊन गेली.

“आबांना कळवायला पाहिजे,” ती म्हणाली.

कळवायची वेळ आली नाही. आबांच्या मुलाचा, दीपकचा फोन आला. आबा झोपेतच गेले होते.

दहाव्याला आम्ही दादांच्या गाडीतून गेलो. घाटावर सगळं गाव बसलं होतं. महाराजांचं प्रवचन संपलं आणि माईक श्रद्धांजलीला मोकळा झाला. आमच्याकडे श्रद्धांजली माणूस एकट्यानं वाहत नाही, कुणाच्या तरी वतीनं वाहतो. सोसायटीच्या वतीनं झाली, दूध डेअरीच्या वतीनं झाली, मग क्रिकेट क्लबच्या वतीनं. आबांचा क्रिकेटशी काही संबंध नव्हता, पण क्लबनं ते मनावर घेतलं नाही.

मग सोसायटीच्या चेअरमनना काहीतरी राहून गेल्याचं आठवलं आणि त्यांनी माईक परत घेतला.

“आणि आबांचं लिखाण! ‘पानं उलटी करून बघा. खाली पांढरं दिसलं तर डावनी. आज फवारा, उद्या नको.’ मंडळी, अशी लेखणी पुन्हा होणे नाही!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. सायलीनं माझा दंड धरला. मागच्या पायरीवर दोघं कुजबुजत होते.

“ह्या सोमवारी आबाचं कायच आलं नाय.”

“अरे, वारले ना ते.”

“ते हाय रे. पण सवय झाली व्हती.”

मी दीपककडे सरकलो. त्यानं टोपी सावरली आणि ओशाळून सांगितलं, “आबा तुमचं पत्र दर सोमवारी गावच्या ग्रुपवर टाकायचे, अश्विनभाऊ. वरचा दादांचा फोटो, खालचं ते नोंदणीचं बटण, तुमचा मथळा, सगळं पुसून. म्हणायचे, कामाचं तेवढं ठेवलं.”

म्हणजे सगळं गाव आमचं पत्र वाचत होतं आणि आमच्या यादीत आबा सोडून गावातलं कुणीच नव्हतं. संपादन म्हणून मला त्यात बोट ठेवायला जागा दिसेना.

तोवर पिंड मांडून झाले होते. कावळा उंबरावर बसला होता. खाली बघायचा, पण यायचा नाही.

“काहीतरी इच्छा राहिली,” कुणीतरी म्हणालं.

दीपक हात जोडून पुढे गेला. “आबा, आईला सांभाळू. काळजी करू नका.” कावळ्यानं पंख साफ केला. मग गर्दीतून एक वाळका म्हातारा उठला. हाच तो चुलतभाऊ. त्यानं घसा खाकरला. “सहादू, बांधावरचा दगड मागं घेतो. व्हती माझीच चूक.” गाव चाट पडलं. किती वर्षांचा तंटा होता! कावळा मात्र दुसरीकडेच बघत होता.

तेव्हा आबांच्या बायको यशोदाबाई बोलल्या. “त्यांचा जीव कशात हाय ते मला ठावं हाय. सोमवारात. ती पोरगी कुठं हाय, नाशिकची?”

सायली उठली. यशोदाबाईंनी तिचा हात धरून तिला पुढे आणलं आणि गावाकडे वळल्या. “यांनी जन्मात एक वळ लिव्हली नाय. ही लिव्हायची. हे निस्तं ‘समजलं नाय’ म्हणून कळवायचे.” चेअरमननी माईक हळूच बंद केला. “पोरी, सांग त्यांना. म्हण, पत्र चालू राहील.”

मी असतो तर सांगून मोकळा झालो असतो. म्हातारी बाई रडत होती, समोर कावळा होता, दोन शब्दांत भागत होतं. मी तर याहून क्षुल्लक कारणासाठी लोकांना थक्क करायला निघालो होतो.

सायलीनं कावळ्याकडे बघितलं, मग यशोदाबाईंकडे.

“आजी, खोटं कसं सांगू? ते बंद होतंय. माझ्या हातात नाही.”

“मग कुणाच्या?”

सायलीचा आवाज अगदी बारीक झाला. “दादांच्या.”

सगळा घाट सोमनाथदादांकडे वळला. दादा सोनचाफ्याचा हार घेऊन मागे उभे होते. कुणीतरी त्यांच्या हातातला हार काढून माईक दिला आणि तो चालूही करून दिला.

“आबांच्या पवित्र स्मृतीस अभिवादन करून,” दादा म्हणाले, “मी एवढंच नमूद करू इच्छितो, की सदर उपक्रमाबाबत योग्य वेळी सकारात्मक विचार करण्यात येईल.”

कावळा एक फांदी वर गेला.

“चालू का बंद, ते सांगा की दादा!” बायकांतून आवाज आला.

“म्हणजे, आपल्या सर्वांच्या सहकार्यानं प्रयत्न राहील...”

कावळ्यानं पाठ केली.

“कुणाचा प्रयत्न?” चुलतभाऊ उसळला. “मी दगड मागं घेतला हितं! तुम्ही निस्ते शब्द टाकताय.”

दादांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी सायलीकडे बघितलं. मजकूर अडला की मी तिच्याकडे बघतो, तसंच.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “छोटं वाक्य करा.”

दादांनी डोळे मिटले. “आबा, पत्र चालू ठेवतो. दर सोमवारी. हीच पोरगी लिहील.”

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. दादा बोलत होते नेमक्या त्याच वेळी दीपकनं पिंडावर एक कांदाभजं ठेवलं होतं, आबांना आवडायचं म्हणून. दोन गोष्टी एकदम बदलल्या की निकाल कशामुळे लागला ते कधीच सांगता येत नाही. आमच्या धंद्यात मोठमोठ्या कंपन्या यावर डोकं फोडून घेतात. त्या भज्याबद्दल मी तिथं कुणापाशी बोललो नाही.

मग लोक फोन घेऊन सायलीभोवती जमले. गावात ईमेल बहुतेकांना होता, फक्त तो काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी तिनं सगळ्यांचे व्हॉट्सॲप नंबर घेतले. चेअरमन स्वतः रांग लावत होते आणि चुलतभाऊ रांगेत घुसत होता.

परतताना आडगावपाशी दादांनी गाडीचा वेग कमी केला.

“मी घाबरलो नव्हतो हां, सायली.”

“नाही दादा.”

“चारचौघांत दिलेला शब्द आहे, म्हणून.”

“हो दादा.”

जरा वेळानं त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. “पण त्यानं पाठ केली होती, हे तू बघितलंस ना?”

“बघितलं दादा.”

रविवारी सायलीनं पत्र लिहिलं आणि तशीच बसून राहिली. आता वाचायला पुष्कळ लोक होते, पण आधी पाठवायला कुणी नव्हतं. तिनं एक वाक्य दहादा तोडलं आणि दहादा जोडलं. “हे समजेल का रे?” तिनं मला विचारलं. मी म्हणालो, मला समजलं. ती म्हणाली, “तुझं काय घेऊन बसलास.”

तेवढ्यात यशोदाबाईंचा फोन आला. आबांचा मोबाईल त्यांनी चालू ठेवला होता. “पोरी, ह्याच्यावर येऊ दे तुझं. आता बाग मीच बघते. पण मला वाचता येत नाय. तू बोलून पाठव.”

म्हणून सोमवारी सकाळी सायली ते बोलून रेकॉर्ड करायला बसली. ऑफिसात फोन वाजत होते, बाहेर ट्रक भरत होते. शांत जागा एकच सापडली, दादांची गाडी. काचा वर, एसी बंद, कारण तो घरघरायचा. पहिलं रेकॉर्डिंग गेलं आणि लगेच उलट फोन आला.

“मधी दम घे की, पोरी. मागं कुत्रं लागलंय का तुझ्या?”

सायली घामानं भिजली होती, आणि हसत होती. तिनं कागदावरची दोन वाक्यं खोडली, एक लांब श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं. दादांना पिंपळगावला निघायला उशीर होत होता. ते गाडीपाशी आले आणि काचेवर टकटक करायला त्यांनी बोट उचललं. मी ओठांवर बोट ठेवलं.

दादांनी बोट खाली घेतलं, आणि स्वतःच्याच गाडीबाहेर, उन्हात, रुमाल डोक्यावर घेऊन उभे राहिले.