सव्वीसची टोपी

सरांच्या सासूबाईंचं ठाम मत होतं, की जावयाला पाणी दिलं तरी तो आधी पेल्याची उंची मोजेल. सातवीला गणित शिकवणाऱ्या माणसाबद्दल हे बोलणं थोडं जास्तच होतं, पण अगदीच खोटं नव्हतं.

सरांची मुलगी फारच लवकर जन्माला आली होती. पाळणा अजून दुकानातच होता, खोलीच्या रंगाचा वास गेला नव्हता, आणि बाईसाहेब येऊन हजर. आता ती हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. नाकात नळी, पायाला वायर, आणि डोक्यावर हॉस्पिटलची टोपी, जी सारखी घसरून नाकावर यायची. सिस्टर म्हणाल्या, "एवढ्याशा बाळाची ऊब डोक्यातूनच जाते हो. घरी कुणाला विणता येत असेल तर मापाची टोपी करून आणा. सुती धागा घ्या आणि उकळून द्या."

विणता येत होतं फक्त सासूबाईंना. पण लेकीला हॉस्पिटलात नेताना धावपळीत त्या जिन्यावरून घसरल्या आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये अडकला. लेकीला अजून धड उठून बसता येत नव्हतं. राहता राहिले सर.

"मला कसं जमेल, आई?" सर म्हणाले.

"न जमायला काय झालं? हात तुमचे, तोंड माझं."

आणि खरोखरच तसं सुरू झालं. शाळा सुटली की सर वॉर्डाबाहेरच्या बाकावर येऊन बसत, शेजारी सासूबाई. सुलट, उलट, सुलट, उलट. सरांच्या हातून टाके असे निसटत, की सासूबाईंना आपल्या प्लास्टरचा राग येई. "अहो, सुई धरा, खडू नाही तो!" येणारेजाणारे हसत. सरांना त्याचं काही वाटत नव्हतं. बाकावर नुसतं बसून राहण्यापेक्षा हसं झालेलं परवडलं.

हाताला जरा वळण लागलं तेव्हा सरांनी एक चौकोनी तुकडा विणला, त्यावर पट्टी ठेवली आणि त्यांचा चेहरा एकदम वर्गातल्यासारखा झाला. एका सेंटिमीटरला दोन टाके बसत होते. मागच्या शिवणीत दोन टाके जाणार. खिशातून पेन काढून त्यांनी समोर जे होतं त्यावर, म्हणजे सासूबाईंच्या प्लास्टरवर, लिहिलं: २घ + २.

"हे काय आता?" सासूबाई दचकल्या.

"टाके किती घालायचे ते. घ म्हणजे डोक्याचा घेर. घेराची दुप्पट करायची आणि त्यात दोन मिळवायचे. डोकं कुणाचंही असो."

"माझंही?"

"तुमचंही. घ च्या जागी तुमचा घेर घालायचा."

"म्हणजे मनाला येईल तो आकडा घालायचा?"

"छे! मनाला येईल तो कसा? जो असेल तोच."

हे वाक्य सरांच्या तोंडात बसलेलंच होतं. त्यांच्या वर्गात खिडकीजवळ बसणारी एक मुलगी होती. गणितात क्ष बरोबर सात दिलेलं असलं, तरी ती पाच घालून मोकळी व्हायची. का, तर पाचाचा पाढा गोड आहे. तिच्या वहीवर सर दर वेळी लिहायचे, "दिलेली किंमत घालावी, आवडती नव्हे."

"मग किती आहे आपल्या चिमणीचा घेर?" सासूबाईंनी विचारलं.

पेटीच्या पायथ्याशी एक कार्ड लटकवलेलं होतं. वजन घेताना सिस्टर डोकंही मोजत आणि त्यावर लिहीत. सर रोज काचेपाशी उभे राहायचे, कार्ड त्यांच्या नाकासमोर असायचं.

"पस्तीस," सर म्हणाले.

सत्तर आणि दोन, बहात्तर टाके. सासूबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पण माप जावयाने घेतलंय म्हटल्यावर बोलायची सोय नव्हती. टोपी झाली. वाकडीतिकडी, पण टोपीच. सरांनी ती उकळली, वाळवली आणि सिस्टरच्या हातात दिली. त्या दिवशी बायको पहिल्यांदाच चाकांच्या खुर्चीतून काचेपर्यंत आली होती.

सिस्टरनी टोपी घातली आणि बाळ दिसेनासं झालं. डोकं, डोळे, नळी, हनुवटी, सगळं टोपीच्या आत. सिस्टरनी झटकन ती काढून घेतली आणि जुनीच पुन्हा चढवली.

बायकोने काचेतून कार्ड वाचलं. मग म्हणाली, "माप कुणाचं घेतलंस?"

सरांनी उगीच खिशातलं पेन चाचपलं.

"कार्डावर सव्वीस लिहिलंय. मला इथून, खुर्चीतून दिसतंय. तू रोज येतोस ना?"

"पस्तीस असतो," सर कसेबसे म्हणाले. "दिवस भरलेल्या बाळाचा घेर. पुस्तकात दिलाय."

"पण ही पुस्तकातली नाही."

"मला माहितीये." सरांनी काचेला कपाळ टेकलं. "मला सव्वीस लिहवेना. सव्वीस लिहिलं की ती एवढीच आहे हे मी मान्य केलं असं होतं. आणि एवढ्याशा जिवाचं पुढे काय होतं, ते मी वाचलंय. सगळं वाचलंय मी."

सासूबाई काही बोलायला गेल्या, पण लेकीने हातानेच थांबवलं. ती चिडली होती. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

"ऐक. ती एवढीच आहे. सव्वीसची आहे, आणि सव्वीसची असून श्वास घेतेय. पस्तीसची जी कुणी आहे ती तुझ्या डोक्यात आहे, तिला थंडी वाजत नाही. माझ्या सव्वीसच्या पोरीला वाजतेय. तिची टोपी कुठाय?"

 सरांना खिडकीजवळच्या त्या मुलीची आठवण झाली. बिचारीला निदान पाढा आवडायचा. आपण तर घाबरून चुकीची किंमत घातली, हे सरांनी स्वतःशी कबूल केलं, आणि कबूल करताना त्यांना लाज वाटली, पण छातीवरचं काहीतरी उतरलंही.

बाकावर येऊन त्यांनी टोपी उसवायला घेतली. सासूबाईंनी चांगल्या हाताने धाग्याचा गुंडा केला.

"एवढी मेहनत गेली हो," त्या म्हणाल्या.

"धागा तोच आहे, आई. घ तेवढा बदलायचाय." मग त्यांनी मोठ्याने म्हटलं, "घ बरोबर सव्वीस." ते म्हणून झालं तरी बाहेरच्या पॅसेजमध्ये काही कोसळलं नाही. कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली, एवढंच. "बावन्न आणि दोन, चौपन्न."

या वेळी सासूबाईंना फार ओरडावं लागलं नाही. टोपी झाली ती मुठीत मावेल एवढी. सिस्टरनी घातली आणि ती जागच्या जागी बसली, कपाळावर, भुवयांच्या वर. टोपीखालून दोन डोळे उघडले, त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही आणि परत मिटले. बायको काचेला हात लावून रडली. सरही रडले. सासूबाईंनी मात्र टोपीची शिवण तिरपी गेल्याचं दाखवून दिलं.

त्यानंतर सर शाळेतून आले की आधी कार्ड वाचू लागले. सगळं, मोठ्याने. वजन कमी झालं असलं तरी वाचत. एकदा बरंच कमी झालं, तेव्हाही त्यांनी वाचलं आणि बायकोचा हात धरून बसून राहिले. मग ते हळूहळू वाढायला लागलं. नळी निघाली. बायकोला बाळ छातीशी धरायला मिळालं. पण डॉक्टर अजून काही ठाम बोलत नव्हते, आणि सरांनीही विचारायचं सोडून दिलं होतं.

एका दुपारी तिघं बाकावर बसलेली असताना सिस्टर दार ढकलून बाहेर आल्या. हातात ती टोपी होती, रिकामी.

सर ताडकन उठले. 

"ही नाही चालत आता," सिस्टर म्हणाल्या.

"का? काय झालं? ती..."

"अहो, डोकंच शिरत नाही हिच्यात! ओढून ओढून दमले मी. बाळ किंचाळतंय आत, ऐकू येत नाही का?"

खरंच, आतून बारीक पण चांगलाच संतापलेला आवाज येत होता. सासूबाईंनी "अगं बाई" म्हणून चांगला हात छातीवर ठेवला.

"अठ्ठावीस भरलं," सिस्टर सांगत होत्या, "आणि डॉक्टर म्हणाले, अशीच वाढत राहिली तर पेटीची गरज नाही. दुसरी टोपी करा लवकर."

सरांनी सुया हातात घेतल्या. घ बरोबर अठ्ठावीस. दुप्पट करायची, दोन मिळवायचे. वर्षानुवर्षं पोरांना हेच शिकवत आलेला तो माणूस सुया धरून तसाच उभा राहिला, आणि अठ्ठावीस दुणे किती, ते त्यांना काही केल्या आठवेना.

"अठ्ठावन्न," बायको डोळे पुसत म्हणाली. "घाल टाके."