अठरा मैल मावळतीकडं

माझ्या पायांत लय दम आहे, असं मी तेव्हा ज्याला त्याला ऐकवायचो. सायकल नवी होती, वय बावीस होतं अन् अक्कल बेताचीच होती. आमच्या गावातली ती पहिली सायकल. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये कामाला लागलो, तेव्हा संक्रांतीच्या सुमारास घेतली. गाव ते मिल दोन कोस. सकाळी जायचो अन् सांजेला वारा पडला की परत यायचो, दोन्ही वेळा गावातून घंटी वाजवत. म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, "खेमराजले पंख फुटले जी!" मलाही तसंच वाटायचं. आज तो खेमराज समोर आला तर त्याच्या मुस्काटात एक ठेवून देईन.

सन छप्पन्नचा वैशाख होता. आठ दिवसांच्या तापानं माय पहाटे गेली. बाप आधीच गेलेला. घरात माझा मोठा भाऊ टिकाराम, त्याला मी दादा म्हणतो, त्याची बायको नंदाबाई अन् मी. आमची बहीण शामकला सासरी होती, आमगावच्या थोडं अलीकडं, आमच्या गावापासून अठरा मैल उगवतीला. तिला मी बाई म्हणतो. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. माय धानाच्या रोवणीला गेली की मी दिवसभर बाईच्या कडेवर असायचो. तिची कंबर वाकडी झाली ती माझ्यामुळंच, असं माय हसून सांगायची.

लेकीनं तोंड पाहिल्याशिवाय मायला उचलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. पण वैशाखात प्रेत ठेवायचं तरी किती वेळ? गावातले जाणते केशोराव काका अंगणात बसून हिशेब करत होते. शेवटी दादानं मला बाजूला घेतलं. त्याचे डोळे सुजले होते, पण बोलणं सरळ होतं.

"सायकलनं जाय. येताना मात्र बाईले दुपारच्या पॅसेंजरनं आण. सायकल तिथंच ठेवून दे. बकाराम काका बैलबंडी घेऊन गोंदियाच्या टेसनवर राहील. बंडी आली का मंग उचलू. अन् तिले आताच खरं सांगू नको. बिमार आहे म्हण."

"हाव," मी म्हणालो.

ऊन लागू नये म्हणून वहिनीनं माझ्या खिशात कांदा टाकला, डोक्याला दुपट्टा गुंडाळून दिला, अन् मी आठच्या सुमारास निघालो.

गोंदिया मागं पडलं अन् सगळं उघडं झालं. उन्हाळ्यात आमच्या बांध्या पाहिल्यात का कधी? धानाची खुंटं, भेगा पडलेली माती, नजर पोचेल तिथवर सपाट. कुठं एखादं मोहाचं झाड. आडोसा म्हणून काही नाही. मावळतीचा वारा सुटला होता अन् तो माझ्या पाठीशी होता. पायडल मारायचं कामच नव्हतं. मी रडत होतो अन् सायकल धावत होती. खोटं कशाला बोलू, तेवढ्या दुःखातही मनात येऊन गेलंच की खेमराज, तुझ्यासारखा सायकलवाला या मुलखात दुसरा नाही. मायला जाऊन चार तास झाले नव्हते अन् मला माझ्या पायांचं कौतुक वाटत होतं! अठरा मैल दीड घंट्यात. साडेनऊला मी बाईच्या अंगणात उभा होतो.

बाई मोहफुलं वाळत घालत होती.

"अरे खेमू! इतक्या सकाळी कायले आला? माय बरी आहे ना?"

"जराशी बिमार आहे. तुले पाहू म्हणून राहिली."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग हात झटकले अन् पाणी आणायला आत गेली. तिचा नवरा केवलराम, आमचे भाऊजी, गोठ्यातून आले. माझं तोंड पाहूनच त्यांनी हळू विचारलं, "कधी?"

"पहाटे."

"बरं. दुपारची पॅसेंजर आहे. एक वाजता बंडी जुंपतो, आमगाव टेसनवर सोडून देतो तुम्हाले."

म्हणजे भाऊजींनीही तेच सांगितलं जे दादानं सांगितलं होतं. मी फक्त हाव म्हणायचं होतं. पण एक वाजेपर्यंत त्या घरात बसायचं कसं? बाईनं पाणी दिलं, भात टाकला, "जेवून घे" म्हणाली, अन् दर वेळी माझ्या डोळ्यांत पाहत होती. मायच्या मरणाची गोष्ट पोटात घेऊन तिच्या हातचं जेवायचं, अन् तीन-साडेतीन घंटे खोटं हसायचं! माझ्यानं झालं नसतं. हे एक कारण. दुसरं कारण माझे पाय. दोन्ही कारणं खरी आहेत, अन् कोणतं जास्त खरं ते मला आजही ठरवता येत नाही.

"गाडीची वाट कोण पाहील?" मी म्हणालो. "दीड घंट्यात आलो मी. बाईले कॅरिअरवर घेतो. बारा-साडेबाराले घरी."

"वारा आहे बाबू," भाऊजी म्हणाले.

"वाऱ्याचं काय घेऊन बसले भाऊजी! आलो ना मी त्याच वाऱ्यात."

दादानं गाडीनं आण सांगितलंय, हे मी बोललोच नाही. बंडी स्टेशनवर येणार आहे, हेही नाही. बाई आतून गाठोडं घेऊन आली अन् म्हणाली, "खेमू म्हणते त चाला. लवकर पोचलं त बरंच आहे."

दहा वाजता निघालो. गल्लीत काही कळलं नाही. गावाबाहेर पडलो अन् वारा छातीवर आदळला. मी उभा राहून पायडल मारायला लागलो. चेन कुरकुरायची, हँडल थरथरायचं अन् सायकल जागची हलेना. तोंडात माती, डोळ्यांत माती. वारा असा गरम की चुलीपुढं तोंड धरल्यासारखं वाटायचं. बाईचं लुगडं फडफडून चाकात जायला लागलं, तेव्हा तिनं पदर खोचून घेतला अन् माझ्या पाठीला घट्ट धरलं. एक मैल झाला असेल नसेल, माझ्या मांड्या भरून आल्या. सायकल आडवी झाली अन् आम्ही दोघं रस्त्यावर पडलो.

"लागलं का बाई?"

"नाही. तुले?"

मग मी चालत सायकल ढकलायला लागलो अन् ती माझ्यासोबत. मधेच वारा जरा कमी वाटला की बसायचो, शंभर हात जायचो, परत उतरायचो. पुढं पुढं मी हँडल धरायचो अन् बाई मागून कॅरिअरला रेटा द्यायची. म्हणजे पहा, मी तिला न्यायला गेलो होतो अन् तीच मला ढकलत होती.

दोन-अडीच मैल झाले तेव्हा साडेअकरा वाजले असावेत. एका मोहाच्या बुंध्याशी बसलो. बाईनं तोंड पुसलं अन् म्हणाली, "खेमू, परत जाऊ का? अजून वेळ आहे. गाडी सापडंल."

हे ऐका नीट. परत फिरलो असतो तर त्याच वाऱ्यानं आम्हाला वीस मिनिटांत आमगावला नेऊन टाकलं असतं. बसायचं अन् हँडल धरायचं, बस. दुपारची पॅसेंजर आरामात सापडली असती. बाईला माय दिसली असती. पण परत जायचं म्हणजे भाऊजींसमोर जायचं. "काऊन बाबू, काय झालं?" असं ते विचारणार. मला ते नको होतं.

"वारा पडते आता," मी म्हणालो. "हा असा अर्धा घंटा जोर करते अन् पडते. तू बस."

वारा काय माझ्या बापाचा नोकर होता? तो वाढतच गेला.

एक वाजला, दोन वाजले. भगभगतं ऊन. सोबतचं पाणी संपलं होतं. तळ्यात पाहायला गेलो तर नुसता चिखल. बाईच्या चपलेचा अंगठा तुटला, तिनं चपला हातात घेतल्या अन् मग त्या तापलेल्या मुरमावर पाय भाजायला लागले म्हणून पायाला फडकं बांधलं. ती एकदाही काही बोलली नाही. तेच मला सोसेना. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

अडीचच्या पुढं मागून शिट्टी ऐकू आली. रेल्वेची लाईन रस्त्यापासून फार लांब नव्हती. पॅसेंजर आली, धूर उगवतीकडं फेकत आमच्या बाजूनं मावळतीकडं निघून गेली. खिडक्यांतली माणसं दिसत होती. बाई उभी राहून पाहत राहिली. गाडी दिसेनाशी झाली तरी पाहत राहिली.

माझ्यानं राहवलं नाही. सायकल तशीच खाली टाकली अन् रस्त्यावर बसलो.

"बाई, माय गेली. पहाटेच गेली. मी खोटं बोललो तुह्याशी."

"मले माहीत आहे," ती म्हणाली.

तिनं गाठोडं सोडलं. आत एक कोरं पांढरं लुगडं होतं, घडी न मोडलेलं. लेकीनं मायच्या अंगावर शेवटचं घालायचं असतं ते.

"तू अंगणात आला तवाच समजलं मले. बिमार मायसाठी कोणी असं तोंड घेऊन येते का रे? पण तू सांगत नव्हता, मंग म्हटलं, नसंल सांगवत पोराले."

मी ढसाढसा रडलो. बावीस वर्षांचा घोडा, भर रस्त्यात. अन् रडता रडता बाकीचंही सांगून टाकलं, की दादानं गाडीनंच आण सांगितलं होतं, की बकाराम काका बंडी घेऊन टेसनवर उभे असतील, अन् बंडी आल्यावरच मायला उचलणार आहेत. बंडी रिकामी परत जाणार हे तिला कळलं. तिनं लुगडं गाठोड्यात कोंबलं अन् सायकल स्वतः उचलली.

"ऊठ. रडाले मंग टाईम आहे. ऊठ!"

त्यानंतर आम्ही जे चाललो ते मला धड आठवत नाही. गोंदिया कधी आलं, कधी गेलं. एवढं आठवतं की बाई मधून मधून "थांबतील, दादा थांबंल" असं आपल्याशीच म्हणत होती.

गावाच्या शिवेवर पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. वारा पडला होता. समोरून गावची माणसं तळ्यावर आंघोळ करून ओल्या धोतरांनी येत होती. सगळ्यांच्या पुढं दादा होता.

बाई तिथंच खाली बसली. नुसती बसली.

दादा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "बंडी रिकामी आली," तो म्हणाला. "मंगही एक घंटा थांबलो. केशोराव काकांनी म्हटलं, आता येत नाही ते. मायले ठेवता येत नव्हतं खेमराज. कुठं होते तुम्ही? गाडीनं काऊन नाही आले?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं. पण त्याच्या आधी बाई बोलली.

"माह्यामुळं दादा. मीच घर आटोपत बसली. खेमू त आल्याबरोबर चाल म्हणत होता. माह्यामुळंच गाडी चुकली, मंग सायकलनं निघालो."

सगळे ऐकत होते. केशोराव काका, बकाराम काका, अख्खं गाव. दादानं बाईकडं पाहिलं अन् घराकडं निघून गेला. मी उघडलेलं तोंड मिटलं.

तेरवीपर्यंत बाई घरात होती; भाऊजी तेरवीला आले, तेव्हा त्यांनाही तिनं खरं बोलू दिलं नाही. बाया यायच्या अन् तिच्या समोर बोलायच्या. आमची काकू सुलोचनाबाई तर दारातूनच सुरू व्हायची, "माय वाट पाहून राहिली अन् लेक भांडे घासत होती!" मी ओसरीवर असायचो. सगळं ऐकू यायचं. बाई मान खाली घालून तांदूळ निवडत राहायची. तेरवी झाल्यावर मी तिला गाडीत बसवून द्यायला गेलो, तेव्हा स्टेशनवर म्हणालो, "बाई, मी दादाले खरं सांगतो आज."

"नको सांगू. तुमा दोघाले एका घरात राहाचं आहे. मले काय, मी त चालली आपल्या घरी. दादा रागावला आहे, होते थंडा दिवाळीपर्यंत."

दादा थंडा झाला नाही. दिवाळीला तिला आणायला जातो म्हणालो, तर म्हणाला, "मायचं तोंड पाहाले जिले वेळ नाही भेटला, तिले माहेर कायले पाहिजे?" तेव्हाही सांगता आलं असतं. आता चार दिवाळ्या झाल्या. राखी नाही, पोळा नाही, बाईनं आमचा उंबरा पाहिला नाही. सायकल मी त्याच वर्षी विकून टाकली. लोकांना वाटतं मायच्या दुःखानं विकली.

मी वर्षातून दोनदा गाडीनं तिच्याकडं जाऊन येतो. ती पहिलं हेच विचारते, "दादानं काही म्हटलं का?" मी म्हणतो, "पुढच्या दिवाळीले आणू म्हणाला." तेवढ्यावर ती खूश होते, माझ्यासाठी भाकर थापते. घरी परत आलो की दादा दुसरीकडं पाहत विचारतो, "कशी आहे ते?"

"बरी आहे," मी म्हणतो.

"मायबद्दल काही म्हणाली?"

"नाही," मी म्हणतो. वहिनी ताट वाढते अन् मी जेवायला बसतो.