एकतिसावी प्रश्नावली

पाच वर्षं मानसशास्त्रात पीएच.डी. चालू असल्यामुळे सासरी तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत. आधी कौतुकाने म्हणत, आता नुसतंच. विषय होता चिंता आणि झोप. समितीने साठ माणसं ठरवून दिली होती. साठांनी निनावी प्रश्नावल्या भरल्या होत्या. शुक्रवारी प्रबंध जमा करायचा होता.

त्यातला क्रमांक एकतीस मार्गदर्शक मॅडमचा लाडका. एवढी चिंता आणि झोप मात्र गाढ! त्याच्यावर त्यांनी तिला आख्खं प्रकरण लिहायला लावलं होतं.

बुधवारी शेवटची पडताळणी करताना तिने एकतिसावी मूळ प्रत काढली. समासात ‘२२ मि.’ असं लिहिलेलं. अक्षर तिचंच. भरायला किती वेळ लागतो ते बघायला तिनेच ती भरली होती आणि गठ्ठ्यावर ठेवून दिली होती. पुढे गठ्ठ्याबरोबर तिलाही क्रमांक पडला.

तेव्हा मनापासून भरली होती, की घड्याळाकडे बघत कुठेही खुणा केल्या होत्या? काही केल्या आठवेना.

“झोपेचं खरंय,” नवरा म्हणाला. “घोरतेस.”

“आणि चिंतेचं?”

“ते तू जागी असताना. तेव्हा मी ऑफिसात असतो. अगं, कुणाला कळणारे? टाक जमा करून. आईने दारावरची पाटीसुद्धा रंगवायला दिलीय.”

रात्रभर ती गाढ झोपली. त्याने तर घोळ आणखीच वाढला.

गुरुवारी तिने ती प्रत मॅडमपुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढला.

“काढून टाक. म्हणजे ते प्रकरणही गेलं. साठावा माणूस शोध, सगळे तक्ते पुन्हा कर. सहा महिने धरून चाल.”

“पण उत्तरं खरी असतील तर?”

“तरीही काढायची. संशोधकाने स्वतःला मोजायचं नसतं.”

“प्रबंधाचं नाही विचारत, मॅडम. खरी असतील तर मी काय करायचं?”

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला, खुर्चीकडे बोट केलं आणि कागद ओढून घेतला.

“‘उगाचच छातीत धडधडतं.’ इथे ‘रोज’वर खूण आहे. धडधडतं?”

“थांबा हं,” ती म्हणाली आणि टेबलावर वाकून आपलीच खूण निरखू लागली. “आत्ता धडधडतंय. पण ते उगाच म्हणायचं का?”