ज्या हिवाळ्यात मी तापत नव्हते

घरामागच्या फरशीवर उभी असलेली राखाडी गाडी बोलतेय मी. माझ्या पुढच्या चाकात हवा नाही, काचेवर धूळ बसलीय. मालकांचा मुलगा काल माझ्या टपावर कोपर टेकवून फोनवर सांगत होता की गिऱ्हाईक मिळालंय, उद्या बघायला येतील. नवीन माणसं माझा रंग बघतील, किती पळालेय ते विचारतील. जे विचारणार नाहीत, तेवढंच मी सांगते.

माझे पहिले मालक औषधं विकत गावोगाव फिरायचे. ते मला दामटायचे, माझ्यातच जेवायचे आणि सिग्नलला थांबलं की आरशात बघून केस विंचरायचे. त्यांना मोठी गाडी मिळाली आणि मी एका शिंप्याकडे आले. हे माझे दुसरे मालक. माणूस हाताचा हलका, शब्दाचा कमी आणि मानाचा मोठा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या सीटना खोळी शिवल्या. बाई, म्हणजे त्यांची बायको, शेजारी बसून रस्ताभर बोलायच्या. मालक हुंकार भरायचे.

मग बाईंची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा पहाटे आम्ही डायलिसिसला जायला लागलो. दुपारी त्या बाहेर यायच्या त्या अंगातली सगळी ऊब तिथेच ठेवून आल्यासारख्या. दात वाजायचे. मालक हीटरचं बटण शेवटपर्यंत फिरवायचे आणि माझ्या जाळीतून गारच हवा यायची. अर्धा रस्ता सरला तरी इंजिनच्या तापमानाचा काटा तळाशीच. घर दिसायला लागलं की कुठे ती हवा जराशी कोमट व्हायची.

जवळच्या गॅरेजवाल्याने हीटरचा पंखा बदलला. रेडिएटर धुतला, पाणी बदललं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. हवा जोरात यायला लागली, पण गारच. मालकांनी मग त्यांना जे येत होतं ते केलं. जाड अस्तराची एक गोधडी शिवली. ती पुरेना म्हणून हातमोजे शिवले, पायांना पिशवी शिवली. बाई सगळं मुकाट्याने अंगावर घ्यायच्या आणि तरी कुडकुडायच्या.

नदीपलीकडे बाईंच्या धाकट्या भावाचं गॅरेज होतं. घरात त्याला बारक्या म्हणत, पन्नाशी उलटली तरी. मालक त्याच्या दारात पाऊल ठेवत नसत. सासूबाई शेवटची वर्षं बारक्याकडे होत्या. त्या गेल्या त्या दिवशी मालक चारचौघांत म्हणाले होते की याने आईला सांभाळलं ते घरावर डोळा ठेवून. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद.

एका दुपारी दवाखान्यातून परतताना बाई म्हणाल्या, "उजवीकडे घ्या."

"घर डावीकडे आहे."

"मला माहितीये घर कुठे आहे. मला थंडी वाजतेय हो. तुम्हाला शिवता येईल असं आता काही उरलं नाही."

मालकांनी मला पुलावर घातलं. गॅरेजसमोर बाई गोधडी सावरत एकट्याच उतरल्या. मालक स्टिअरिंग धरून बसून राहिले.

बारक्या हात पुसत आला. बहिणीकडे बघून त्याचा चेहरा पडला. त्याने खिडकीतून वाकून काटा पाहिला. आज इथेच ठेवा, इंजिन पार गार झाल्यावर बघतो, असं म्हणून त्याने दोघांना स्वतःच्या गाडीतून घरी सोडलं.

सकाळी मालक एकटेच आले. बारक्याने मला चालू केलं आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप मुठीत धरला. मालकांनाही धरायला लावला. इंजिन अजून गार असताना पाइप मात्र हळूहळू कोमट होत होता.

"हा आत्ता थंडच राहायला पाहिजे," बारक्या म्हणाला. "इंजिन तापेपर्यंत थर्मोस्टॅटची झडप पाणी अडवून धरते. ही उघडीच अडकलीय. पाणी लगेच बाहेर पळतं आणि गार होऊन परत येतं. मग इंजिन तापणार कधी?"

मला बंद करून त्याने पाणी काढलं, दोन बोल्ट सोडवले आणि झडप बाहेर काढली. तिच्या फटीतून उजेड दिसत होता. नवी झडप त्याने आधी भांड्यात टाकून पाहिली; गार पाण्यात ती मिटलेली राहिली, उकळत्या पाण्यात उघडली. ती बसवायला तो वाकला तेव्हा मालक मागून म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो..."

"भावोजी, टॉर्च धरा जरा."

मालकांनी टॉर्च धरली. उजेड भलतीकडेच पडत होता. बारक्याने त्यांचं मनगट धरून तो जागेवर आणला आणि बोल्ट आवळले.

पुढच्या फेरीला दवाखान्याचा रस्ता संपायच्या आत काटा मधोमध आला. बाईंनी हातमोजे काढले आणि बोटं जाळीसमोर धरली. "आली हो," एवढंच म्हणाल्या. येताना त्या घरापर्यंत झोपल्या. मालकांनी फाटकाशी मला थांबवलं, पण इंजिन बंद केलं नाही, त्यांना उठवलंही नाही.

असे थोडेच दिवस मिळाले. थंडी ओसरायच्या आत बाई गेल्या. त्या दिवशी त्यांना न्यायला दुसरीच गाडी आली होती.

तेव्हापासून मालक मला चालवत नाहीत. अधूनमधून बारक्या येतो, मला चालू करून ठेवतो, आणि दोघं माझ्या दोन बाजूंना उभे राहून चहा पितात.

उद्या मला घेणाऱ्यांनो, माझं इंजिन आता ठणठणीत आहे. एकच मागते. शेजारी बसलेलं माणूस गारठलं, तर त्याच्या अंगावर नुसती पांघरुणं घालत बसू नका. ज्याला कळतं त्याच्याकडे जा, मग त्याच्याशी तुमचं कितीही वाकडं असो.

आणि सकाळी आलात तर दार जपून उघडा. मालक तेव्हा आत बसलेले असतात. स्टिअरिंगशी नाही, शेजारच्या सीटवर.